जुन्या जीपमध्ये डीआय इंजिन आणि गियरबॉक्स बसवताना

वडिलांनी आमची महिंद्राची एमएम-५४० जीप घेतली तेव्हा ती सेकंडहँडच होती. पुढची पंचवीस वर्षं तिनं ऊस तोडणीची माणसं, खताची पोती, लग्नाची वऱ्हाडं, सगळं वाहिलं. शेवटच्या दोन वर्षांत मात्र करूळचा घाट चढताना निम्म्यावरच तापमानाचा काटा लालपट्टीत जायचा. हेड तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा दोन व्हॉल्व्हच्या मध्ये चीर दिसली. मेस्त्रींनी हेड पुसलं, बाकावर ठेवलं आणि म्हणाले, "आता हिच्यात पैसा घालू नका. इंजिन बदला. पण इंजिन नंतर बघू. आधी गियरबॉक्स कुठला ठेवायचा ते बोला."

हे वाक्य मला त्या वेळी उलटं वाटलं होतं. पुढच्या सात महिन्यांत त्याचा अर्थ कळला. चालतं इंजिन शोधलं की मिळतं. ते क्रँकपासून चाकापर्यंतच्या जुन्या साखळीत सरळ रेषेत बसवणं हेच खरं काम, आणि ते बहुतेक मोजमापाचं असतं. बहुतेक अर्धवट पडलेल्या जीप मी अशाच पाहिल्या आहेत: इंजिन आणून ठेवलेलं, चेसिस कापलेली, आणि गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (गियरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणारी पेटी) यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

काय काढायचं, काय घालायचं

एमएम-५४०मधलं मूळ इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिमी बोअर, ८३ मिमी स्ट्रोक, २११२ सीसी. ताकद ६२ अश्वशक्तीच्या आसपास, पण ती मिनिटाला ४५०० फेऱ्यांना. डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात जळतं, म्हणून थंडीत हीटर प्लग लागतात, आणि म्हणूनच हेडवर उष्णतेचा ताण जास्त. इंजिन गोड चालतं, आवाज कमी. पण एकदा तापून वाकलेलं हेड पुन्हा पूर्वीसारखं होत नाही, आणि चांगले सुटे भाग आता शोधावे लागतात.

त्याच्या जागी महाराष्ट्रातल्या गॅरेजांमध्ये सर्रास बसतं ते महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं). त्याचा बोअर ८८.९ मिमी आणि स्ट्रोक १०१.६ मिमी. आकडे विचित्र वाटतील, पण इंचात मांडा: साडेतीन इंच आणि चार इंच. इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनाची ही वंशावळ आहे. लांब स्ट्रोक, कमी फेऱ्या, खालूनच जोर. बोलेरोतल्या टर्बो डीआयची ताकद ६३ अश्वशक्ती, म्हणजे कागदावर प्यूजोएवढीच. पण ती ३२०० फेऱ्यांना मिळते, आणि साधारण १५०० फेऱ्यांनाच १८० न्यूटन-मीटर टॉर्क हातात येतो. प्यूजोचा टॉर्क १२०च्या घरात होता. चिखलात, उताराच्या बांधावर, भरल्या ट्रॉलीपुढे हा फरक पायाला लगेच कळतो.

पहिल्यांदा हे काम करणाऱ्यानं कॉमन रेलच्या (इलेक्ट्रॉनिक्सनं डिझेल सोडणाऱ्या इंजिनाच्या) वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या इंजिनाबरोबर कंट्रोल युनिट, सेन्सर, इमोबिलायझर आणि अख्खं वायरिंग येतं. एक सेन्सर बोलला नाही तर गाडी जंगलात उभी. यांत्रिक पंपाच्या डीआयला चालायला डिझेल, हवा आणि सेल्फपुरती बॅटरी पुरते.

कागद आधी

हा भाग रटाळ आहे, पण इथं चुकलं तर बाकी सगळं वाया जातं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाविरुद्धचे बदल चालणार नाहीत असं बजावलं. म्हणून पान्हा हातात घेण्याआधी आपल्या आरटीओत लेखी अर्ज करा, उत्तर लेखी घ्या, आणि मान्यता मिळाल्यावर काम झालं की १४ दिवसांच्या आत नव्या इंजिन नंबरची नोंद करून घ्या. डिझेलच्या जागी डिझेल आणि त्याच कंपनीचं इंजिन असेल तर तुमची बाजू बरीच सोपी असते. आरसीवर पेट्रोल लिहिलेल्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये डिझेल घालायचं असेल तर परवानगी हातात येईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

इंजिन कुर्ल्याच्या बाजारातून घ्या नाहीतर गावातल्या भंगारवाल्याकडून, तीन गोष्टी मागा: विक्रीचं बिल, ज्या गाडीतून ते निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, आणि ब्लॉकवरचा नंबर स्वच्छ वाचता येईल असा. नंबराच्या जागी कानस फिरलेली दिसली तर तिथूनच परत फिरा. विमा कंपनीलाही कळवा. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्या तपासणीत इंजिन नंबर बघतातच.

गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केस: इथंच सगळं ठरतं

जुन्या जीपचा ट्रान्सफर केस म्हणजे डाना-१८. विलीज जीपच्या काळापासूनचा, पूर्ण गियरवर चालणारा. त्याच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही शाफ्टची तोंडं गियरबॉक्सच्या मधल्या रेषेत नसतात, एका बाजूला सरकलेली असतात. म्हणून जुन्या जीपच्या मागच्या एक्सलचा गोळाही (डिफरन्शियल) मधोमध नसतो. गाडीखाली पाठीवर झोपून एकदा नीट बघून घ्या. नव्या गाड्यांतल्या चेनवर चालणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये मागचा शाफ्ट गियरबॉक्सच्या सरळ रेषेत निघतो. या दोघांची अदलाबदल केली की मागचा एक्सलही बदलायची वेळ येते, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट तिरका बसतो आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) वर्षभरात खडखडायला लागतात.

शिवाय डाना-१८चं पहिलं दातेरी चाक गियरबॉक्सच्या मेनशाफ्टच्या शेपटीवरच बसतं. त्यामुळे टू-व्हील ड्राइव्ह बोलेरोचा गियरबॉक्स स्वस्त मिळाला म्हणून उचलून आणला तर तो फोर बाय फोर जीपला कामाचा नाही. त्याच्या मागे ट्रान्सफर केस लावायची सोयच नसते.

मग उरतात दोन वाटा.

पहिली वाट, जी मी घरच्या जीपसाठी घेतली: चार गियरचा केएमटी-९० गियरबॉक्स, डाना-१८ आहे तिथंच, आणि समोर बिनटर्बोचं डीआय. महिंद्रा कमांडरच्या डीआय गाड्यांत हीच जोडी होती, त्यामुळे बेल हाउसिंग (क्लचवरचं आवरण), फ्लायव्हील, क्लच, रिलीज बेअरिंग सगळं एकमेकांसाठी बनवलेलं मिळतं. लेथवर काही बनवावं लागत नाही. फोर बाय फोर कमांडरचं इंजिन आणि गियरबॉक्स एकत्र जोडलेलेच मिळाले तर देव पावला. या गियरबॉक्समागे टर्बो डीआय लावणारे आहेत, पण मूळ १२० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे चाललेल्या गियरबॉक्सला दीडपट टॉर्क द्यायचा, वर ट्रान्सफर केसचा अडीचपट जोर वाढवणारा लो गियर लावायचा, मला ते पटत नाही. आधी दुसऱ्या गियरचे दाते जातात, नाहीतर मागची एक्सल शाफ्ट.

दुसरी वाट: टर्बो डीआय, पाच गियरचा गियरबॉक्स आणि त्याचाच ट्रान्सफर केस, असा फोर बाय फोर गाडीतून निघालेला पूर्ण संच. खर्च जवळपास दुप्पट, शाफ्ट दोन्ही नवे, मागचा एक्सल बहुधा नवा. हायवेवर रोज चालवायची असेल तर मात्र हीच वाट धरा. का, ते पुढच्या हिशेबात.

वेगाचा हिशेब, कागदावर

प्यूजो ४५०० फेऱ्यांपर्यंत पळायचं. डीआय ३२००ला थांबतं. एक्सल तोच ठेवला तर गाडीचा वेग तेवढ्या पटीत खाली येणार. इंजिन बसवून झाल्यावर हे कळून हिरमुसलेले लोक मी पाहिलेत.

आधी एक्सलचं प्रमाण काढा. दोन्ही मागची चाकं उचला, गियर न्यूट्रलमध्ये, शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. चाकं बरोबरीनं एक फेरी फिरेपर्यंत शाफ्टच्या फेऱ्या मोजा. एकच चाक उचललं असेल तर ते चाक दोन फेऱ्या फिरवावं लागेल, कारण डिफरन्शियल अर्धी फिरकी खातो. नक्की आकडा हवा तर कव्हर उघडून क्राउन आणि पिनियनचे दाते मोजा. ४३ आणि ८ म्हणजे ५.३८, जुन्या सीजे-३बीचं प्रमाण. माझ्यात ३९ आणि ८ निघाले, म्हणजे ४.८८.

मग टायरची एक फेरी जमिनीवर मोजा. ६.००-१६च्या टायरला ती साधारण २.२ मीटर भरते. आता २५०० फेऱ्यांना टॉप गियरचा वेग: २५०० भागिले ४.८८, गुणिले २.२, गुणिले ६०, भागिले १०००. उत्तर ६८ किमी. ३२००च्या मर्यादेला ८७. एक्सल ५.३८चा असेल तर २५००ला जेमतेम ६१. पाचवा गियर ०.८५चा धरला तर ४.८८च्या एक्सलवर त्याच २५०० फेऱ्यांना ८० मिळतात.

आमच्या जीपला शेत, बाजार आणि घाट एवढाच प्रवास. साठ-पासष्टला निवांत चालते, पुरतं. कोल्हापूरहून पुण्याला महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला ते पुरणार नाही. टायर मोठे घालून थोडा वेग मिळतो, पण ब्रेक तेच राहतात हे लक्षात ठेवा.

इंजिन विकत घेताना

थंड इंजिन सुरू करून बघा. विक्रेत्यानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. डीआयला हीटर प्लग लागत नाही, चांगलं इंजिन दोन-तीन फेऱ्यांत पकडतं. ऑइल भरायचं झाकण काढून ठेवा: हलकी वाफ चालेल, भकाभक धूर म्हणजे रिंगा संपल्या. डिझेलच्या गेजनं चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. चौघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. पाण्यात ऑइलचा तवंग, ऑइलमध्ये चहासारखा रंग, पंपाच्या अंगावर ओल, हे सगळं बघा. टर्बो असेल तर पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. पुढेमागे हालचाल जाणवली किंवा पंख भिंतीला घासलेले दिसले तर टर्बोचा खर्च वेगळा धरा.

आणि घेताना अख्खं घ्या. सेल्फ, मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर, फाउंडेशनची (इंजिन ज्यांवर टेकतं ती) रबरं त्यांच्या लोखंडी ब्रॅकेटसकट, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, बेल हाउसिंग, रेडिएटर, काउल (फॅनभोवतीचं कडं), पाण्याचे होज, डिझेल फिल्टर, ॲक्सिलरेटरची केबल, इंजिन बंद करायची केबल किंवा सोलेनॉइड, वायरिंगचे तुकडे, अगदी बोल्टसुद्धा. एकेक वस्तू नंतर शोधताना वेळ आणि पैसा दोन्ही जातात. मी अल्टरनेटरचं ब्रॅकेट विसरलो होतो. ते बनवून घ्यायला तीन फेऱ्या पडल्या आणि तरी पट्टा सरळ चालेना.

जुनं काढण्याआधी मापं

एक वही करा. गाडी सपाट फरशीवर, टायरात सारखी हवा. मग पुढची मापं लिहा: क्रँक पुलीच्या मध्याची चेसिसच्या वरच्या कडेपासून उंची, पुलीपासून दोन्ही चेसिस पट्ट्यांचं अंतर, फॅनपासून रेडिएटरचं अंतर, ट्रान्सफर केसच्या दोन्ही फ्लँजची (शाफ्ट जोडायच्या गोल तोंडांची) जमिनीपासून उंची, आणि त्यांचे कोन. कोनासाठी मोबाइलमधला लेव्हल चालतो, पण तो फ्लँजच्या मशीन केलेल्या तोंडावर टेकवा. इंजिन मागच्या बाजूला तीन-चार अंश झुकलेलं असतं, तोच झुकाव नव्यालाही द्यायचा. ओळंबा सोडून ट्रान्सफर केसच्या फ्लँजच्या जागेच्या खुणा फरशीवर ऑइल पेंटनं करून ठेवा. फोटो काढा, पण फोटोवर विसंबू नका. फोटोत मिलिमीटर दिसत नाहीत.

काढणं सोपं आहे. बॅटरी सोडा, पाणी-ऑइल उतरवा, बॉनेट काढा, रेडिएटर काढा, आणि समोरची जाळी सहा-आठ बोल्टांत निघते तीही काढा. जीपचं हे मोठं सुख: समोरून अख्खा दरवाजा उघडतो. आतून फरशीवरचं गियरबॉक्सचं झाकण काढा. दोन टनी चेन पुली ब्लॉक, मजबूत तिकाटणं, आणि इंजिनाखाली कुणाचाही हात-पाय नाही, ही एक गोष्ट कडकपणे पाळा.

इंजिन निघालं की चेसिस धुऊन, तारेच्या ब्रशनं घासून, उन्हात बघा. स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती आणि जुन्या फाउंडेशनच्या कोपऱ्यात बारीक चिरा हमखास असतात. त्या आत्ताच भरून घ्या.

जोड: जिथं केसाएवढा फरकही महागात पडतो

कमांडरचा संच असेल तर हा भाग वाचून पुढं जा. दुसरा कुठलाही गियरबॉक्स इंजिनाला जोडणार असाल तर मात्र इथं थांबा.

एका मित्राच्या जीपला आम्ही अडॅप्टर प्लेट (इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामधली जोडप्लेट) बनवून घेतली होती. प्लेट दिसायला सुंदर, भोकं बरोबर, बोल्ट हातानं बसले. गाडी चाललीही. तीन महिन्यांत चौथा गियर आपोआप निसटायला लागला, क्लच दाबला की घरघर. उघडलं तेव्हा क्रँकच्या टोकातला, गियरबॉक्सच्या शाफ्टचं टोक तोलणारा पायलट बुश एका बाजूनं अंडाकृती झाला होता. प्लेट अर्धा मिलिमीटर सरकलेली होती. अर्धा मिलिमीटर! गियरबॉक्सचा इनपुट शाफ्ट प्रत्येक फेरीला वाकत होता.

म्हणून आता क्रम असा. इनपुट शाफ्टचे दाते मोजा आणि त्याच दात्यांची क्लच प्लेट फ्लायव्हीलच्या व्यासात मिळते का बघा. शाफ्टच्या टोकाचा व्यास आणि क्रँकमधलं भोक व्हर्नियरनं मोजून मधला बुश कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी टर्नरकडून फॉस्फर ब्राँझचा करून घ्या. प्लेटची जाडी अशी ठेवा की शाफ्टचं टोक बुशमध्ये पुरेसं शिरेल पण तळाला टेकणार नाही, आणि क्लच प्लेट दात्यांच्या पूर्ण लांबीवर सरकेल. हे तपासायला टोकावर थोडी ओली माती लावून जोडून परत उघडा. मातीवरचा ठसा खरं सांगतो.

मग डायल गेज. चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर लावा, सुई बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या भिंतीला, आणि क्रँक हातानं एक पूर्ण फेरी फिरवा. सुईची एकूण हालचाल पाव मिलिमीटरच्या आत हवी. जास्त असेल तर प्लेट सरकवा, पुन्हा मोजा, आणि जमल्यावर दोन डॉवेल पिना ठोकून जागा कायमची बांधा. नुसत्या बोल्टांवर भरवसा ठेवू नका, बोल्टाच्या भोकात नेहमी थोडी मोकळीक असते. गेज एखाद्या दिवसासाठी मागून आणता येतं, कुठल्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये असतं.

जागेवर बसवून बघणं

डाना-१८ हललेला नसेल तर काम मागून पुढं करा. ट्रान्सफर केस जुन्या खुणेवर पक्का, त्याला गियरबॉक्स, त्याला इंजिन. इंजिनाचं समोरचं टोक जॅक आणि लाकडी ठोकळ्यांवर. आता वहीतल्या उंचीवर पुली आणा आणि चारी बाजूंनी बघत फिरा.

समोर फॅन आणि रेडिएटर यांत निदान दोन बोटं. मागं फायरवॉलपासून एक इंच, कारण इंजिन रबरावर हलतं. स्टिअरिंग कॉलम आणि एक्झॉस्ट यांत जितकं मिळेल तितकं. सर्वांत फसवी जागा ऑइल चेंबरची. गाडी उभी असताना चेंबर आणि पुढचा एक्सल यांत हातभर मोकळं दिसतं, पण खड्ड्यात एक्सल वर येतो. त्यासाठी पुढच्या दोन्ही बाजूंच्या पाट्यांतला (स्प्रिंगांतला) मुख्य पाटा ठेवून बाकी काढून टाका, आणि जॅकनं एक्सल चेसिसच्या बंप रबराला टेकेपर्यंत वर न्या. एक बाजू वर, दुसरी खाली, असंही करून बघा. गोळा चेंबरला लागत असेल तर इंजिन उचला किंवा चेंबर कापून बदला. पाटे वाढवून गाडी उंच करणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

सगळं जमलं की फाउंडेशन. सहा मिमीची प्लेट, आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग कापणी. जागेवर फक्त चार-सहा टाके मारा, इंजिन बाहेर काढा, आणि मग पूर्ण वेल्डिंग करा. चेसिसच्या पट्टीच्या लांबीला आडवी जाणारी सरळ वेल्ड रेघ ओढू नका. तिथूनच चीर धरते. कडा तिरप्या ठेवा. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटर सोडा, आणि ज्या जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे तिची टाकी आधी काढून अंगणात ठेवा. इंजिनाची दोन रबरं पुढं आणि एक ट्रान्सफर केसखाली, तीन टेकू पुरतात. चेसिस पिळली तरी इंजिन पिळत नाही.

शाफ्ट कापावा लागला तर दोन्ही टोकांचे कान एका रेषेत जुळवून, मधला सरकता दात्यांचा भाग निम्म्यावर ठेवून, आणि बॅलन्स करूनच बसवा. ट्रान्सफर केसची फ्लँज आणि पिनियनची फ्लँज एकमेकींना समांतर हव्यात, एका अंशाच्या आत. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर कमी असलेल्या जीपमध्ये मागचा शाफ्ट मुळातच आखूड असतो. तिथं ही चूक लगेच अंगावर येते.

पाणी, डिझेल, हवा, विजेच्या तारा

रेडिएटर डीआयचाच घ्या किंवा जुन्यात तेवढा जाड गाभा भरून घ्या, आणि काउल लावाच. काउल नसेल तर फॅन तीच गरम हवा गोल फिरवत बसतो. घाटात दुसऱ्या गियरमध्ये गाडीचा वारा नसतो, सगळी भिस्त फॅनवर.

डिझेलच्या दोन लाइन लागतात, जाणारी आणि परत येणारी. परतीची लाइन टाकीत सोडा. जुनी टाकी आतून गंजलेली असते. धुतल्याशिवाय जोडलीत तर नवे नोझल महिन्यात जातील. पाणी वेगळं करणारा फिल्टर पंपाआधी, हात पोचेल तिथं.

ब्रेकला बूस्टर असेल किंवा बसवणार असाल तर अल्टरनेटरमागच्या व्हॅक्यूम पंपाचा पाइप तिथं जोडा. डिझेल इंजिनात थ्रॉटल नसतो, त्यामुळे पेट्रोल गाडीसारखा मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळत नाही. व्हॅक्यूम पंपाला ऑइलची बारीक लाइन असते. ती विसरली तर पंप जळतो.

सायलेन्सरला इंजिनाजवळ एक लवचीक तुकडा घाला, आणि ब्रेकच्या नळीपासून तो लांब न्या.

तारा थोड्याच: सेल्फ, चार्जिंग, ऑइल प्रेशर, तापमान, बंद करायचा सोलेनॉइड. तापमानाचा सेन्सर आणि काटा एकाच जोडीचे घ्या, नाहीतर काटा खोटं सांगतो. इंजिनापासून चेसिसला जाड अर्थची पट्टी द्या. ती नसली की सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, आणि केबल लाल होऊन जळलेली मी पाहिली आहे. आणि सोलेनॉइड असला तरी हातानं ओढायची बंद करायची केबल ठेवाच.

पहिली सुरुवात

ऑइल, कूलंट, गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचं ऑइल भरा. डिझेल बंद ठेवून सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मध्ये थांबा, ऑइलचा काटा उचलेपर्यंत. मग हातपंपानं हवा काढा: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलचे नट. बुडबुडे थांबले की आवळा. इंजिन चालू असताना डिझेल कुठून फवारतंय ते बोटानं शोधू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं. पुठ्ठा धरा.

सुरू करताना एक माणूस हवेच्या नळीजवळ लाकडी फळी घेऊन उभा राहू दे. इंजिन फेऱ्या धरून सुटलं आणि केबलनंही थांबलं नाही, तर फळीनं तोंड बंद करायचं. हातानं किंवा कापडानं नाही.

अर्धा तास सावकाश चालवा, थर्मोस्टॅट उघडू द्या, पाण्याची पातळी पुन्हा बघा. मग अंगणातच गियर, क्लच, हाय-लो, पुढचा एक्सल. आणि रस्त्यावर नेण्याआधी ब्रेक. इंजिन जड झालंय, पुढच्या चाकांवर भार वाढलाय, पाटे खाली बसलेत का ते मोजा. शंभर किलोमीटरला सगळे फाउंडेशन, फ्लँज आणि बेल हाउसिंगचे बोल्ट आवळा, पाचशेला पुन्हा. माझे शंभरला आवळताना ट्रान्सफर केसचे दोन बोल्ट पाव फेरी फिरले होते.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता मी मुद्दाम करूळचा घाट घेतला. मागं सहा पोती खत, शेजारी वडील. ते रस्त्याकडं बघतच नव्हते, सगळा वेळ तापमानाच्या काट्याकडं. वर गगनबावड्यात पोचल्यावर त्यांनी बॉनेट उघडून रेडिएटरला हात लावला, मग म्हणाले, "चहा घेऊ. पण इंजिन बंद करू नको, टर्बो नसला तरी दोन मिनिटं चालू दे."